नॉर्वेची पूर्वतयारी : कोथरूडमधील एका मार्गदर्शनवर्गाचे परीक्षण

कोणत्याही सहल-कंपनीच्या गटाशिवाय, स्वतःचे बेत स्वतः आखून नॉर्वेला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी कोथरूडमधील एक छोटी संस्था दोन सत्रांचा मार्गदर्शनवर्ग घेते. वर्गासोबत मराठीत छापलेली पुस्तिका मिळते आणि प्रवासाच्या काळात अडचण आल्यास दूरध्वनीवरून सल्लाही दिला जातो. आम्ही पतिपत्नींनी उन्हाळ्यापूर्वी हा वर्ग केला आणि त्यानंतर नॉर्वेला जाऊन आलो. त्यामुळे वर्गात सांगितलेल्या गोष्टी तिथे कितपत उपयोगी पडतात, हे ताडून पाहता आले. पुढे काही दोष मोकळेपणाने मांडायचे असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. अशी सेवा देणारे इतरही लोक पुण्यात आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही गेले तरी काय मागून घ्यावे, हे वाचकाला कळावे या हेतूने हे लिहीत आहे.

राजधानी कोणती, चलन कोणते, लोकसंख्या किती, ही माहिती कोणालाही दोन मिनिटांत सापडते. पैसे देऊन वर्गाला बसणाऱ्या माणसाला त्या माहितीमागचे कारण आणि तिच्यामुळे बेतात करावा लागणारा बदल कळायला हवा. या कसोटीवर वर्गाचा पहिला अर्धा भाग मला उत्तम वाटला, दुसऱ्या भागातील काही प्रकरणे मात्र निष्काळजीपणाने तयार केलेली आढळली.

पहिले सत्र नकाशाने सुरू होते आणि बराच वेळ नकाशावरच राहते. नॉर्वेच्या मुख्य भूमीचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडेसेच जास्त, पण तिथे माणसे राहतात सुमारे ५५ लाख. शिवाय हा प्रदेश आपल्या राज्यासारखा ऐसपैस पसरलेला नाही. दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजले तरी साधारण १७५० किलोमीटर भरतील, इतका तो लांबट आहे आणि मध्ये कित्येक ठिकाणी अगदी अरुंद होतो. वर्ग घेणाऱ्या बाईंनी हे सांगून लगेच पुढचा प्रश्न विचारला, तो असा की आठवडाभराच्या सहलीत ऑस्लो, बर्गन आणि ट्रॉम्सो ही तिन्ही शहरे रेल्वेने करता येतील का. उपस्थितांपैकी बहुतेकांच्या मनात तोच बेत होता. उत्तर असे की ट्रॉम्सोपर्यंत रेल्वेच नाही. नॉर्वेच्या स्वतःच्या जाळ्यातील उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग बोडो येथे संपतो, आणि त्याहून उत्तरेचे नार्विक रेल्वेने गाठायचे तर स्वीडनमधून जावे लागते. ऑस्लोहून ट्रॉम्सोचे अंतर रस्त्याने सोळाशे किलोमीटरांहून अधिक आहे, तेव्हा विमानाला व्यवहार्य पर्याय राहत नाही. एवढ्या एका स्पष्टीकरणाने वर्गातील निम्म्या लोकांचे बेत तिथल्या तिथे बदलले.

पावसाविषयीचे विवेचन तर पुणेकराच्या सहज गळी उतरावे असे होते. बर्गनला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो एकाच ऋतूत न पडता बाराही महिने पडत राहतो. ऑस्लोला मात्र आठशेच्या आसपासच पडतो. अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे पश्चिम किनाऱ्यावरील डोंगरांना अडून वर चढतात, तिथेच रिते होतात आणि पलीकडच्या पूर्वेच्या बाजूला कोरडे पोहोचतात. महाबळेश्वर आणि पुणे यांच्या पावसात जो फरक पडतो, त्याच्यामागेही हेच कारण आहे. ज्याने वरंधा घाटातून जुलैत खाली कोकणात गाडी नेली आहे, त्याला बर्गनचे हवामान वेगळे समजावून सांगावे लागत नाही. यावरून निघणारा सल्लाही नेमका होता. छत्रीवर भिस्त ठेवू नये, कारण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही. टोपी असलेले जलरोधक जाकीट आणि पाण्यात न भिजणारे बूट यांवर खर्च करावा. आणि फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या, प्रदेशात एखादी महत्त्वाची गोष्ट पाहायची असेल, तर तिच्यासाठी एकाऐवजी दोन दिवस हाताशी ठेवावेत. अंदाजासाठी ‘युर’ ही नॉर्वेच्या हवामान संस्थेची आणि तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची संयुक्त सेवा वापरावी, असे सांगितले होते. ती तासागणिक अंदाज देते आणि आम्हाला अत्यंत भरवशाची वाटली.

इतक्या उत्तरेला असूनही नॉर्वेची बंदरे हिवाळ्यात गोठत कशी नाहीत, याचेही उत्तर मिळाले. अटलांटिकमधून ईशान्येकडे वाहत येणारा उबदार पाण्याचा प्रवाह या किनाऱ्याला लागून जातो, त्यामुळे त्याच अक्षांशावरील इतर प्रदेशांपेक्षा इथला हिवाळा बराच सौम्य असतो. लोफोटेन बेटे आर्क्टिक वृत्ताच्या वर असूनही तिथे शतकानुशतके हिवाळ्यात कॉड माशांची मोठी मासेमारी चालत आली आहे, ती यामुळेच.

प्रकाशाविषयीचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. पुण्यात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, म्हणजे आपल्या दिनक्रमात ऋतूनुसार फारसा फरक पडत नाही. ऑस्लोत जूनच्या उत्तरार्धात दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा होतो आणि डिसेंबरमध्ये सहा तासांच्याही किंचित आत येतो. ट्रॉम्सोला साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळत नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येतच नाही. ही वस्तुस्थिती अनेकांना माहीत असते, पण तिचा परिणाम लक्षात येत नाही. एकाच सहलीत मध्यरात्रीचा सूर्य आणि उत्तर ध्रुवीय प्रकाश असे दोन्ही पाहण्याची इच्छा आमच्या वर्गातील कित्येकांनी बोलून दाखवली होती. उन्हाळ्यात आकाश काळोखे होतच नाही, त्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्यासाठी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंतच्या काळोख्या रात्री हव्यात, आणि आकाश निरभ्र असायला हवे. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्या पुणेकर कुटुंबांना एजंट मंडळी अनेकदा दोन्हींचे आश्वासन देतात. इथे ते ठामपणे खोडून काढले गेले, याबद्दल मला या संस्थेविषयी आदर वाटतो. एका आजोबांनी विचारले, “अहो, पण उजेडात झोप कशी लागायची?” त्यांना जाड पडद्यांची खोली आधी खात्री करून घ्यावी, डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी आणि औषधांच्या वेळा घड्याळाकडे पाहूनच पाळाव्यात, असे तपशिलाने सांगण्यात आले. भारताचे घड्याळ नॉर्वेपेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते, हेही त्याच ओघात आले. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी ही बाब किरकोळ नाही.

रेल्वेचा भाग ऐकताना तर आनंद वाटला. ऑस्लो ते बर्गन हा मार्ग १९०९ साली पूर्णपणे खुला झाला. साडेसहा ते सात तासांचा हा प्रवास विमानाने तासाभरात उरकता येतो, तरी दिवसाची गाडी घ्यावी, असा आग्रह वर्गात धरला गेला आणि तो योग्यच होता. फिन्से हे या मार्गावरील सर्वांत उंच स्थानक १२२२ मीटरवर आहे. तिथे उन्हाळ्यातही हिमनदी आणि बर्फाचे पट्टे दिसतात, आणि त्यानंतर अवघ्या काही तासांत गाडी समुद्रसपाटीला येते. वाटेतील म्यूर्डाल स्थानकावरून फ्लोमला उतरणारा वीस किलोमीटरांचा फाटा फुटतो. म्यूर्डालची उंची सुमारे ८६६ मीटर, फ्लोम थेट फ्योर्डच्या काठावर, आणि मार्गाच्या बहुतांश भागावर चढ १८ मीटरांना एक मीटर इतका तीव्र. आपल्या बोरघाटात, कर्जत आणि लोणावळ्याच्या दरम्यान, चढ ३७ ला एक असूनही गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. फ्लोमची गाडी त्याच्या दुपटीहून अधिक चढ दात्यांच्या रुळांशिवाय, साध्या रुळांवर चढते. लहानपणापासून डेक्कन क्वीनच्या खिडकीतून घाट पाहिलेल्या माणसाला त्या अभियांत्रिकीचे महत्त्व पहिल्याच बोगद्यात उमगते. असे एकूण वीस बोगदे वाटेत आहेत आणि क्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी थोडा वेळ मुद्दाम थांबते. इथे संस्थेने दिलेला सल्ला आम्हाला फार उपयोगी पडला. बर्गन मार्गाची तिकिटे आगाऊ काढल्यास लक्षणीय स्वस्त पडतात, तर फ्लोमच्या गाडीचे भाडे महाग असले तरी उन्हाळ्यात ती भरून जाते, म्हणून ते तिकीटही पुण्याहूनच काढून ठेवावे.

फ्लोमहून गुडवांगेनकडे जाणाऱ्या बोटीचा मार्ग नॅरॉयफ्योर्डमधून जातो. हा फ्योर्ड आणि गैरांगरफ्योर्ड हे दोन्ही २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांमध्ये शिरलेला समुद्र. सोग्नेफ्योर्ड तर दोनशे किलोमीटरांहून अधिक आत जातो आणि काही ठिकाणी तेराशे मीटरांहून खोल आहे. वर्गात याची सुंदर छायाचित्रे दाखवली, परंतु फ्योर्ड कसे तयार झाले हे सांगायला अधिक वेळ द्यायला हवा होता. काठावर उभे राहून पाहताना तीच गोष्ट सर्वांत जास्त विचारावीशी वाटते.

व्हिसाचा भाग नीटनेटका होता आणि त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. नॉर्वेने १९७२ आणि १९९४ अशा दोन सार्वमतांत युरोपीय संघाचे सदस्यत्व नाकारले, तरी तो देश २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. त्यामुळे आपल्याला शेंगेन व्हिसाच लागतो, मात्र चलन युरो नसून नॉर्वेजियन क्रोन आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही आणि पंधरा दिवस राहिले असता करून उपयोग नाही, हे सगळे स्पष्टपणे सांगितले. सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवणारी नवी युरोपीय प्रणाली १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्याचीही चौकट पुस्तिकेत चिकटवलेली होती. एक गोष्ट मात्र इतर कोणीच सांगितली नव्हती. स्वालबार हा द्वीपसमूह नॉर्वेचाच असला तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. तिथे जाऊन परत ऑस्लोला यायचे असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. ज्यांच्या यादीत ध्रुवीय प्रदेश आहे, त्यांच्या दृष्टीने या एका वाक्याची किंमत वर्गाच्या शुल्काहून जास्त आहे.

आता दोष सांगतो, आणि त्यांतला पहिला गंभीर आहे. पुस्तिकेच्या शेवटी बरोबर न्यायच्या खाद्यपदार्थांची यादी आहे आणि तीत साजूक तूप, पेढे आणि पनीर यांचा उल्लेख आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील देशांतून दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातून नॉर्वेत नेण्यास बंदी आहे. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम केलेला आहे आणि भारत अर्थातच त्या क्षेत्राबाहेर आहे. निघण्यापूर्वी नॉर्वेच्या अन्नसुरक्षा यंत्रणेचे नियम वाचल्यामुळे आम्ही तूप घरीच ठेवले, पण ज्येष्ठ नागरिक छापील यादीवर विश्वास ठेवून चालतात, आणि परक्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर बॅग उघडण्याची वेळ त्यांच्यावर यावी हे मला अजिबात मान्य नाही. दूरध्वनीवर ही चूक लक्षात आणून दिली, तेव्हा ती ऐकून घेतली गेली, परंतु त्यानंतरच्या तुकडीला दिलेल्या प्रतींतही यादी तीच होती. मेतकूट, भाजणी, पोहे, दाण्याची चटणी अशा कोरड्या, दूध आणि मांस नसलेल्या जिनसांची यादी करून देणे कोणत्याही पुणेरी स्वयंपाकघरातील माणसाला जमण्यासारखे आहे.

शाकाहारी माणसाने तिथे काय खावे, याचेही मार्गदर्शन अपुरे होते. “ऑस्लोत भारतीय उपाहारगृहे आहेत” एवढ्यावर भागवले गेले. ऑस्लोत आहेत हे खरे, पण फ्योर्डच्या काठावरील लहान गावात संध्याकाळी स्वयंपाकघरे लवकर बंद होतात आणि मासे-मांसाशिवायचा पदार्थ कित्येकदा एकच असतो. प्रत्यक्षात आमची भिस्त किराणा दुकानांवर होती. किवी, रेमा १०००, कूप यांच्या शाखा बहुतेक गावांत आहेत आणि तिथे पाव, चीज, दही, फळे, उकडून खाण्याजोग्या भाज्या, चणे आणि राजम्याचे डबे सहज मिळतात. वेष्टनावर नॉर्वेजियनमध्ये ‘एग’ म्हणजे अंडे, ‘फिस्क’ म्हणजे मासा, ‘स्वीन’ म्हणजे डुक्कर, ‘मेल्क’ म्हणजे दूध, इतपत शब्द ओळखता आले तरी निम्मी चिंता मिटते. असा शब्दांचा एक तक्ता पुस्तिकेत हवाच होता. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी हा सल्ला दिला होता आणि तो खर्चाच्या दृष्टीनेही फार शहाणपणाचा आहे, कारण बाहेर जेवणे तिथे अतिशय महाग पडते. तिथल्या मजुरीच्या दरांबरोबरच २५ टक्के विक्रीकराचाही त्यात वाटा आहे. किराण्यातील अन्नपदार्थांवर तोच कर १५ टक्के असतो. नळाचे पाणी सर्वत्र पिण्यायोग्य असते, हे न सांगितले गेल्यामुळे आमच्या तुकडीतील एका कुटुंबाने पहिले काही दिवस बाटल्या विकत घेतल्या. त्या बाटल्यांवर अनामत रक्कम आकारलेली असते आणि रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकल्यावर ती परत मिळते, हेही त्यांना तिथे गेल्यावरच कळले.

रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, फक्त लहान किराणा दुकानांना सूट असते, ही सूचना मात्र ठळक अक्षरांत होती आणि ती लाखमोलाची आहे. १७ मे हा १८१४ च्या राज्यघटनेचा दिवस तिथे मुलांच्या मिरवणुकांनी आणि पारंपरिक पोशाखांत साजरा होतो. मे महिन्यात जाणाऱ्यांनी तो दिवस एखाद्या शहरात राहून अवश्य पाहावा, मात्र त्या दिवशी खरेदीची आणि लांबच्या प्रवासाची अपेक्षा ठेवू नये.

पुस्तिकेतील ऑस्लोचे प्रकरण जुने झाले आहे. ब्यूगडॉय येथील व्हायकिंग जहाजांचे संग्रहालय नव्या इमारतीच्या बांधकामासाठी २०२२ मध्ये बंद झाले, तरी पुस्तिकेत ते पहिल्या क्रमांकावर आहे. उलट २०२१ मध्ये बंदराजवळ उघडलेले चित्रकार मुंकचे नवे संग्रहालय आणि २०२२ मध्ये उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय यांचा उल्लेखच नाही. शिल्पकार व्हिगेलँडच्या दोनशेहून अधिक शिल्पांची बाग मात्र योग्य महत्त्व देऊन वर्णिली आहे. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस खुली आहे आणि उन्हाळ्यात रात्री दहा वाजताही तिथे वाचता येईल इतका उजेड असतो.

निसर्गात मोकळेपणाने फिरण्याचा जो हक्क १९५७ च्या कायद्याने तिथे प्रत्येकाला दिला आहे, त्याची माहिती दिली, पण मर्यादा अर्ध्याच सांगितल्या. घरांपासून किमान १५० मीटर दूर तंबू ठोकता येतो आणि एका जागी साधारण दोन रात्रींहून अधिक राहता येत नाही, एवढे सांगितले. परंतु १५ एप्रिलपासून १५ सप्टेंबरपर्यंत जंगलात आणि त्याच्या आसपास विस्तव पेटवण्यास सर्वसाधारण मनाई असते, हे सांगायचे राहिले. सह्याद्रीत भटकणाऱ्या आपल्या मंडळींना चूल मांडण्याची सवय असते, म्हणून ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. तातडीचे क्रमांक, म्हणजे अग्निशमनासाठी ११०, पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी ११३, हे मात्र मुखपृष्ठाच्या आतच मोठ्या अक्षरांत छापले आहेत.

दूरध्वनीवरील साहाय्य आम्ही एकदाच वापरले. बर्गनहून निघायची बोट खराब हवामानामुळे रद्द झाली होती. पलीकडून मिळालेले उत्तर तत्पर, शांत आणि अचूक होते, आणि पर्यायी बसचे वेळापत्रक देशभराच्या सार्वजनिक वाहतुकीचे नियोजन करणाऱ्या ‘एन्टूर’ या सेवेवर कसे शोधावे, हे बाईंनी आम्हाला बोलता बोलता शिकवले.

शुल्क दोघांना मिळून पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतच्या टॅक्सीभाड्याइतके पडते. गटसहलीने जाणाऱ्यांनी ते देण्याची गरज नाही, कारण त्यांचे बेत आधीच ठरलेले असतात. स्वतः बेत आखणाऱ्यांनी आणि विशेषतः आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी पहिल्या सत्रासाठी तरी जरूर जावे. दुसऱ्या सत्रातील खाद्यपदार्थांची यादी आणि ऑस्लोचे प्रकरण मात्र अधिकृत संकेतस्थळांशी पडताळून घेतल्याशिवाय वापरू नये. वर्ग शनिवारी दुपारी भरतो, बसण्याची जागा मर्यादित आहे आणि पुस्तिका वर्गाला न येणाऱ्यांना वेगळी विकत मिळत नाही. व्हिसाच्या अर्जाआधी किमान तीन महिने नाव नोंदवल्यास वर्गात सुचवलेले बदल तिकिटे काढण्यापूर्वी करता येतात.